महाड-पोलादपूरचा कॅमेरा कोणाच्या हाती?

पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे सुभेदार तानाजी मालुसरे यांचे गाव. ४ फेब्रुवारी १६७० रोजी कोंढाण्यावर धारातीर्थी पडलेल्या या वीराची समाधी तेथे आहे. तानाजींचा पडद्याला कधी विसर पडला, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९२३ साली कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाबूराव पेंटर यांनी हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून 'सिंहगड' हा मूकपट काढला. १९३३ साली व्ही. शांताराम यांनी प्रभातसाठी त्याच नावाचा बोलपट केला. २०२० च्या जानेवारीत ओम राऊत यांचा 'तान्हाजी' देशभर गाजला आणि पुढे राष्ट्रीय पुरस्कारांत उत्कृष्ट लोकप्रिय चित्रपट ठरला. २०२३ मध्ये दिग्पाल लांजेकर यांचा 'सुभेदार' आला. शंभर वर्षांत एका वीरावर किमान चार चित्रपट निघाले. कोल्हापूरने केला, पुण्या-मुंबईने केला. उमरठने, पोलादपूरने किंवा शेजारच्या महाडने मात्र एकही केला नाही. तशी अपेक्षाही आजवर कोणी ठेवली नव्हती. ती ठेवण्याची वेळ आता आली आहे.

प्रादेशिक चित्रपट महोत्सव महाराष्ट्राला नवे राहिलेले नाहीत. पुण्यात २००२ पासून आंतरराष्ट्रीय महोत्सव भरतो. कोल्हापूरने आपल्या कलापरंपरेला साजेसा महोत्सव उभा केला. गोव्यात २००४ पासून इफ्फी स्थिरावला. २०२२ साली सिंधुरत्न कलावंत मंचाने कोकण चित्रपट महोत्सवाचा आरंभ केला आणि कोकणालाही स्वतःच्या नावाचा महोत्सव मिळाला. दीपप्रज्वलन होते, तारे-तारका येतात, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात आणि काही दिवसांनी मंडप उतरतो. त्यात वावगे काही नाही. गावाला चार दिवस शोभा येते, रसिकांना चांगले चित्रपट पाहायला मिळतात. परंतु प्रत्येक प्रादेशिक महोत्सवाला एक प्रश्न विचारलाच पाहिजे. ज्या मातीत हा मांडव पडला, त्या मातीतल्या माणसांनी केलेला चित्रपट त्याच्या पडद्यावर आहे काय? नसेल, तर त्या गावाची भूमिका यजमानाची उरते. पाहुण्यांना जेवू घालायचे आणि स्वतः ओसरीवर उभे राहायचे.

कोकणाच्या बाबतीत हा प्रश्न अधिकच बोचरा आहे, कारण मराठी चित्रपटाने कोकण म्हणजे समुद्र असे समीकरण करून टाकले आहे. २००४ साली 'श्वास'ने 'श्यामची आई'नंतर तब्बल पन्नास वर्षांनी राष्ट्रीय सुवर्णकमळ मराठीकडे आणले. त्यातला आजोबा आणि नातू सिंधुदुर्गातले. 'किल्ला'मध्ये गुहागरचा पाऊस आणि किनारा आहे. त्याला २०१४ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात बालपरीक्षकांनी गौरविले. 'पिकासो' आणि २०२५ चा 'दशावतार' यांनी तळकोकणातील दशावतारी परंपरेला पडदा दिला. हे सारे चित्रपट कौतुकास पात्र आहेत. तरीही हे सगळे पाहून मुंबई-पुण्याचा प्रेक्षक कोकणाची जी कल्पना करतो, तीत माड असतात, खाडी असते, मालवणी हेल असतो. महाड आणि पोलादपूर त्या चित्रात कोठे बसतात?

येथे समुद्र नाही. सावित्री येथून बाणकोटच्या खाडीकडे निघून जाते. मागे राहते ती सह्याद्रीची उभी भिंत, डोंगरउतारावरची नाचणी-वरीची शेते, आंबेनळी घाटातले धुके, मुंबई-गोवा महामार्गावरच्या वाहनांच्या रांगा आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या रसायनांच्या कारखान्यांचा दर्प. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि मे महिन्यात त्याच वाड्यांवर पाण्याचा टँकर येतो. एवढा विरोधाभास ज्या भूमीच्या रोजच्या जगण्यात आहे, तिच्यात कथा नाहीत असे कोण म्हणेल? पण चित्रपटवाल्यांना ती दिसत नाही, कारण महाड-पोलादपूर हे त्यांच्या दृष्टीने गोव्याच्या वाटेवरचे चहाचे ठिकाण आहे.

या तालुक्यांचे दुसरे वास्तव म्हणजे रिकामी होत गेलेली गावे. येथला माणूस पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेला. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे थांबले, तरी माणसे गावी परतली नाहीत. 'लालबाग परळ'ने २०१० मध्ये गिरणगावची शोकांतिका दाखवली. पण त्या कामगाराने मागे ठेवलेल्या घराचे, मनीऑर्डरची वाट पाहणाऱ्या आईचे, नवरा मुंबईत असताना शेत, गुरे आणि म्हातारे सासू-सासरे सांभाळणाऱ्या स्त्रीचे चित्र कोणी काढले? गणपतीला आणि शिमग्याला घरांची कुलुपे उघडतात, अंगणे सारवली जातात, आठ दिवस गाव गजबजते आणि पुन्हा शांत होते. हे दृश्य कोणत्याही पटकथेला भारी पडेल, आणि ते येथल्या लेकरांनी जन्मापासून पाहिलेले आहे. परक्या दिग्दर्शकाला त्यासाठी संशोधन करावे लागेल. येथल्या मुलाला केवळ आठवावे लागेल.

कॅमेरा येथे आलाच नाही, असे नाही. तो आला, पण संकटाच्या दिवशी. २००५ च्या जुलैमध्ये दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते येथे दरडी कोसळल्या तेव्हा आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल एसटी गाड्यांसह वाहून गेला तेव्हा आला. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर उतरला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही घरे गाडली गेली. महाड शहर पाण्याखाली होते. तेव्हा देशभरच्या वाहिन्यांनी हे तालुके दाखवले. पाण्याबरोबर कॅमेरेही ओसरले. घराघरांतून फावड्यांनी उपसलेला चिखल, दुकानदारांनी रस्त्यावर वाळत घातलेल्या हिशेबाच्या वह्या, बाहेरगावांहून भाकरी आणि सतरंज्या घेऊन धावलेले तरुण, पुनर्वसनाच्या घरांची वाट पाहत गेलेले पावसाळे, हे सर्व त्यानंतरचे. ते टिपणारा कोणी नव्हता असे नव्हे. शेकडो नागरिकांच्या हातांत भ्रमणध्वनी होते आणि त्यांनी टिपलेही. त्या चित्रफिती आज कोठे आहेत? कोणाचा फोन बदलला, कोणाचा बिघडला, कोणाच्या चित्रफिती जागा करण्यासाठी पुसल्या गेल्या. एका शहराची स्मृती अशी एकेका खिशातून गळून चालली आहे. त्या एकत्र करून कोणी तासाभराचा माहितीपट केला, तर तो उद्याच्या नगररचनाकारालाही उपयोगी पडेल आणि दरडीच्या छायेत राहणाऱ्या पुढच्या वाडीलाही. परंतु असा माहितीपट केला तरी तो दाखवायचा कोठे, येथेच गाडी अडते. चित्रपटगृहाला त्यात धंदा नाही. वाहिनीला तो शिळा वाटतो. सार्वजनिक प्रदर्शनासाठी चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र लागते आणि हौशी मंडळींना तो खर्च व खटाटोप झेपत नाही. महोत्सवांना मात्र माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून त्यात सूट मिळू शकते. प्रादेशिक महोत्सवाचे खरे मोल या छोट्या व्यावहारिक गोष्टीत आहे. ज्या चित्रपटाला अन्यत्र दार नाही, त्याला महोत्सव दार उघडतो.

स्थानिक माणसांनी चित्रपट करणे म्हणजे पोरखेळ, असा एक समज सुशिक्षितांत आहे. भारतीय चित्रपटाचा इतिहासच त्याला छेद देतो. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली पहिल्यांदा चित्रित केले ते कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे उगवणे. रोज थोडे थोडे टिपून त्यांनी अंकुराची वाढ पडद्यावर आणली आणि ती पाहून भांडवलदाराचा विश्वास बसला. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा, १९१३ चा. बाबूराव पेंटर यांनी कोल्हापुरात स्वतःचा कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' दाखवला. त्या काळी कोल्हापूर हे चित्रपटनिर्मितीचे केंद्र नव्हते. पेंटरांनी तेथे राहूनच चित्रपट काढले म्हणून ते केंद्र झाले.

जवळच्या काळातील उदाहरणे तर डोळ्यांसमोर आहेत. मालेगावात नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने २००० साली 'मालेगाव के शोले' केला. यंत्रमागावर राबणारे कामगार त्यात नट झाले. मालेगावच्या या चित्रपटकारांनी सायकलवरून कॅमेरा फिरवला, बैलगाडीची क्रेन केली. विनोदी नक्कल होती, पण गावाने ती डोक्यावर घेतली. २००८ मध्ये त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट झाला आणि २०२४ मध्ये 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा हिंदी चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात पोहोचला. मालेगावची गोष्ट टोरांटोपर्यंत गेली खरी, पण ती बाहेरच्यांनी सांगितली. मालेगावच्या मुलांनी कॅमेरा हाती आल्यावर मुंबईच्याच चित्रपटांची नक्कल केली, स्वतःच्या गल्लीची कथा बाजूला राहिली. महाड-पोलादपुरातील होतकरूंनी मालेगावची जिद्द जरूर घ्यावी. नकलेची वाट मात्र धरू नये.

ती वाट टाळणारेही आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे जयंत सोमलकर यांनी आपल्याच गावात, आपल्याच परिसरातील माणसांना घेऊन 'स्थळ' केला. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम, कापसाचा भाव, हुंड्याची चिंता, एवढाच त्याचा ऐवज. २०२३ मध्ये टोरांटोत त्याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला. अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) महाविद्यालयीन शिक्षण घेताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. भाऊराव कऱ्हाडे यांनी शेतजमीन विकून 'ख्वाडा' काढला. धनगर कुटुंबाची ती कथा राष्ट्रीय पुरस्कारांत परीक्षकांच्या विशेष पारितोषिकाची मानकरी ठरली. जमीन विकून चित्रपट काढा, असा सल्ला कोणत्याही मध्यमवर्गीय घराला देता येणार नाही, आणि देऊही नये. पण जमीन विकण्याची पाळी येऊ नये यासाठीच तर समाजाने आणि संस्थांनी पुढे यायचे असते.

गोव्याने ते काही प्रमाणात केले. इफ्फी कायमचा गोव्यात आल्यावर सुरुवातीला स्थानिक कलावंतांची तक्रार हीच होती की, जगाचे चित्रपट आपल्या दारात आणि आपण रांगेत. पुढे गोमंतकीय चित्रपटांसाठी वेगळा विभाग ठेवला जाऊ लागला, राज्याने अर्थसाहाय्याच्या योजना आणल्या. लक्ष्मीकांत शेटगावकर यांचा 'पलतडचो मनीस' हा कोकणी चित्रपट २००९ मध्ये टोरांटोला समीक्षकांच्या पुरस्काराचा मानकरी ठरला. अर्थात विभाग ठेवला की दर्जा आपोआप येतो, असे नाही. काही वर्षी सामान्य चित्रपटही दाखवावे लागतात. त्याला इलाज नाही. गावच्या नाटकातूनच रंगभूमीला नट मिळाले आणि त्या नाटकांतली नव्वद टक्के नाटके विसरण्याजोगीच होती.

रायगड जिल्ह्यात असा महोत्सव भरवायचा, तर महाडइतके योग्य स्थान दुसरे नाही. छत्रपतींची राजधानी याच तालुक्यात आहे. समर्थांनी जेथे दासबोध सांगितला अशी श्रद्धा आहे, ती शिवथरघळ येथेच. 'शिवभारत'कार कवींद्र परमानंद यांची समाधी पोलादपुरात. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख याच परिसरातले. या नावांवर भाषणे भरपूर होतात. वीस मिनिटांचा नेटका लघुपट करण्याचे मात्र कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.

आणि महाडचे नाव घेतले की चवदार तळे आलेच. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. २० मार्च २०२७ ही त्या घटनेची शताब्दी. जब्बार पटेल यांनी २००० साली प्रदर्शित झालेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटात हा सत्याग्रह दाखवला आहे. तो राष्ट्रपुरुषाचा चित्रपट होता. महाडचा म्हणून जो चित्रपट व्हायला हवा, तो वेगळा आहे. १९२४ मध्ये नगरपालिकेने तळे सर्वांना खुले करणारा ठराव केला आणि तो तीन वर्षे कागदावरच राहिला, ही महाडची गोष्ट आहे. परिषदेसाठी पाणी विकत घ्यावे लागले, ही महाडची गोष्ट आहे. दासगावचे रामचंद्र बाबाजी मोरे यांनी परिषदेसाठी घेतलेले कष्ट आणि नगराध्यक्ष सुरबानाना टिपणीस यांनी आपल्याच माणसांचा रोष पत्करून दिलेली साथ, ही महाडची गोष्ट आहे. वीरेश्वराच्या मंदिरात प्रवेश होणार अशी अफवा उठली, परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले आणि मग तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले, हीदेखील महाडचीच गोष्ट आहे आणि हिंदू समाजाने ती मान खाली घालूनच पाहिली पाहिजे. बाहेरचा कोणी ती सांगेल तर आरोप म्हणून सांगेल. महाडकर सांगतील तेव्हा ती कबुली असेल. समाज एकरस व्हावा असे ज्यांना मनापासून वाटते, त्यांनी तर या चित्रपटासाठी सर्वांत आधी पदरमोड करायला हवी. स्थानिक चित्रपट म्हणजे गावाची आरती नव्हे. ज्या महोत्सवात केवळ गड, देऊळ आणि सूर्यास्त दिसेल, तो पर्यटन खात्याच्या जाहिरातीचा भाऊ ठरेल.

यावर सर्वसाधारण आक्षेप पैशाचा येतो. तो पूर्वी खरा होता. फिल्मचे रीळ, प्रयोगशाळा, संपादनगृह हे सारे मुंबईत होते. आज साध्या भ्रमणध्वनीने स्वच्छ चित्रण होते आणि घरच्या संगणकावर संपादन होते. अडचण शिकवण्याची आहे. खेड्यापाड्यातला तरुण दिवसाला दहा रील करतो, पण दहा मिनिटांची एक गोष्ट सलग सांगणे त्याला कोणी शिकवलेले नाही. ध्वनी नीट घेणे, पटकथा कागदावर उतरवणे, नको ते दृश्य काढून टाकण्याचे धैर्य दाखवणे, ही कौशल्ये आठ दिवसांच्या शिबिरात सुरू होऊ शकतात. महाविद्यालयांनी, वाचनालयांनी आणि सेवाभावी संस्थांनी मे महिन्यात अशी शिबिरे घेतली, तर वर्षाअखेर पाच-सात लघुपट तरी हाती येतील. मुंबईतील ग्रामस्थ मंडळे गावच्या देवळासाठी लाखांची वर्गणी उभी करतात; त्यातला लहानसा वाटा गावच्या मुलांच्या चित्रपटासाठी काढणे अवघड नाही. संस्कारांची चिंता करणाऱ्या पालकांनीही हे ध्यानात घ्यावे की, मुलाच्या हातातील फोन काढून घेता येत नाही. त्या फोनने तो काय करतो, हे मात्र काहीसे घडवता येते.

काळही फारसा हाती नाही. नमन-खेळ्यांतील जुनी सोंगे ज्यांना येतात, बाल्या नाचाची गाणी ज्यांच्या तोंडी आहेत, खालू बाजाचे ठेके ज्यांच्या हातात आहेत, ती माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. गिरणीच्या पाळीवर गेलेला आणि संपात होरपळलेला शेवटचा कामगारही त्याच वयाचा आहे. त्यांची नातवंडे विरार, नालासोपारा, दिवा येथे वाढत आहेत. गावची बोली त्यांना कळते, बोलता येत नाही.

महाडमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नावाचे राष्ट्रीय स्मारक आहे, तेथे सभागृह आहे. पोलादपुरात शाळांची पटांगणे आहेत. महाशिवरात्रीला वीरेश्वराच्या छबिन्याला गावोगावच्या पालख्या महाडात येतात आणि मागोमाग शिमगा येतो. त्या दिवसांत चाकरमानी घरी असतो आणि आकाश निरभ्र असते. चादरीएवढा पडदा, एक प्रक्षेपक आणि येथल्याच मुलांनी केलेले चार लघुपट एवढ्यावर पहिले वर्ष भागेल. दुसऱ्या वर्षी पाहुण्यांना बोलवावे.